बेअरिंगआधी शाफ्ट मोजायला लावणाऱ्या टर्नरदादांना

आदरणीय दादा,

किट कारच्या, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडलेल्या गाडीच्या, स्टिअरिंग शाफ्टचं खालचं बेअरिंग झिजलं की बहुतेक जण नवीन आणतात, ठोकून बसवतात आणि वर्षभरात पुन्हा तिथेच येतात. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, "बेअरिंग मागाहून आणा, आधी शाफ्ट मोजा." त्या एका वाक्याबद्दल हे आभार. पत्र उघडं ठेवतोय, कारण तुम्ही शिकवलेलं असं काम करणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

हे बेअरिंग गरगर फिरत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम तीन-चार फेरे, आणि बराचसा वेळ तर सरळ रस्त्यावर अंशभर इकडेतिकडे. त्यामुळे गोळ्या ठरावीक जागीच थरथरत राहतात, तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि रेसवर, म्हणजे गोळ्या ज्या कड्यांवर फिरतात त्यांवर, खळगे पडतात. म्हणूनच प्ले, म्हणजे सैलपणा, मधोमध जास्त जाणवतो आणि चाकं पूर्ण वळवली की नाहीसा झाल्यासारखा वाटतो. त्यात फूटवेलच्या (चालकाच्या पायाजवळच्या) पत्र्यातून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर पाणी आणि चिखल थेट उडतो, आणि एक्झॉस्ट जवळून गेला असेल तर उष्णतेने सील कडक होतं. प्लास्टिकचा बुश असेल तर तो मऊ पडून आकारच सोडतो.

प्ले कुठला हे ओळखायची तुमची रीत साधी आणि अचूक आहे. चाकं जमिनीवर ठेवायची, एकाने स्टिअरिंग थोडंथोडं हलवायचं, दुसऱ्याने बोटं एकेका सांध्यावर ठेवायची: आधी बेअरिंगच्या हाउसिंगवर, मग युनिव्हर्सल जॉइंटवर (कोनातले दोन शाफ्ट जोडणारा सांधा), मग रॅकवर (स्टिअरिंगने डावी-उजवी सरकणारी दातेरी पट्टी), शेवटी टाय रॉडच्या (रॅकपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या) टोकांवर. शाफ्ट हाउसिंगमध्ये आडवा हलला तर दोष बेअरिंगचा. शाफ्ट फिरला पण जॉइंटची पुढची बाजू क्षणभर उशिरा फिरली, तर बेअरिंग बदलून काहीही सुटणार नाही.

काढताना चाकं सरळ, बॅटरीची तार सुटी, आणि प्रत्येक स्प्लाइनवर (दात्यांनी जुळणाऱ्या जोडावर) रंगाची आडवी रेघ. रेघ विसरली की स्टिअरिंग एका दात्याने वाकडं बसतं. जॉइंट शाफ्टवर आवळून धरणारा पिंच बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. अनेक शाफ्टवर तो खाचेतून आडवा जातो आणि शाफ्टला अडवून धरतो. तो तसाच ठेवून हातोडा चालवला तर जॉइंटमधले अधिक चिन्हासारखे क्रॉस बिघडतात.

मग मोजमाप. २० मिमीचा शाफ्ट असेल तर बेअरिंगच्या जागी आणि तिथून ३० मिमी दूर, न झिजलेल्या भागावर, मायक्रोमीटरने मोजायचं. दोन्हीकडे काटकोनात दोन-दोन मापं. फरक ०.०५ मिमीच्या पुढे गेला तर नव्या बेअरिंगमध्येही शाफ्ट खडखडणारच. अशा शाफ्टवर वेल्डिंगचा भर देऊन पुन्हा टर्निंग करून द्यायला तुम्ही ठाम नकार दिलात. हातचं काम सोडलंत. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाची ताकद बदलते, भराच्या कडेला तडा सुरू होतो आणि स्टिअरिंग शाफ्ट तुटताना आधी सूचना देत नाही. शाफ्ट नवाच हवा, हे तुम्ही समोरच्याला पटेपर्यंत समजावत राहिलात. या पत्रातले सगळ्यात मोठे आभार त्या नकाराचे.

बेअरिंग निवडताना भारी वेगाचं नको, चांगल्या सीलचं हवं. फ्लँजच्या (पत्र्यावर बोल्टने बसणाऱ्या चपट्या कडेच्या) हाउसिंगमध्ये, बाहेरची रेस चेंडूसारखी गोलसर असलेलं, स्वतः थोडं कलणारं बेअरिंग घ्यावं. २० मिमी शाफ्टला यूसीएफएल २०४ क्रमांकाचं बसतं, पाऊण इंचाच्या शाफ्टला २०४-१२. ही दोन्ही एकच समजून घेणारे फसतात. जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक ग्रब स्क्रू (आतली रेस शाफ्टवर जखडणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) कितीही आवळून भरून निघत नाही. साध्या हाउसिंगमध्ये दाबून बसवायचं बेअरिंग असेल तर बाहेरच्या रेसवर टेकणारा पाइपचा तुकडा घेऊन दाबावं. आतल्या रेसवर जोर दिला तर तो गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग पहिल्याच दिवशी खळगे घेऊन बसतं.

फ्लँजचे बोल्ट मात्र शेवटी. आधी बोटांनी लावायचे, शाफ्ट दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचा, मग आळीपाळीने थोडेथोडे आवळायचे. फ्लँज आणि पत्रा यांच्यात एका बाजूला फट राहिली तर शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घालायची. बोल्टने ओढून फट बुजवली की शाफ्ट कायम वाकून फिरतो. पत्रा पातळ असेल तर मागून ३ मिमीची पट्टी द्यावी, नाहीतर बेअरिंग नवं आणि पत्राच लवतो.

ग्रब स्क्रूबद्दल तुम्ही सांगितलेलं फार जणांना ठाऊक नसतं. कोलॅप्स होणाऱ्या, म्हणजे धडकेत आखूड होणाऱ्या, स्टिअरिंग कॉलममध्ये शाफ्टला लांबीच्या दिशेने कुठे धरायचं हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. भलत्या जागी ग्रब स्क्रूने जखडलं, तर धडकेच्या वेळी आत सरकायला हवा तो शाफ्ट चालकाच्या छातीकडे येतो.

जोडताना दोन युनिव्हर्सल जॉइंट असतील तर मधल्या शाफ्टवरचे दोन्ही योक (जॉइंटचे दुबेळके काटे) एका रेषेत हवेत. नाहीतर एका फेऱ्यात स्टिअरिंग दोनदा जड, दोनदा हलकं होतं. नायलॉक नट (आपोआप सैल न होणारे, नायलॉनच्या कड्याचे) नवेच. एम ८, ८.८ दर्जाच्या पिंच बोल्टला साधारण २५ न्यूटन मीटर, पण किटच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. शेवटी पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून ब्रेकची नळी, वायर आणि एक्झॉस्ट यांपासून शाफ्टचं अंतर हात घालून बघायचं.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायला सांगितलंय तुम्ही. तेव्हा पिंच बोल्टवर रंगाची खूण केलेली असेल. ती सरकली नसेल तर तुम्हाला दाखवायला गाडी घेऊन येऊ.

तुमचे कृतज्ञ,
किट कार बांधणारे आम्ही सगळे