हुर्राकला वाईन म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या होमस्टेंवर जो लेख आला त्यात हुर्राकला सरळ ‘काजूची वाईन’ म्हटलंय, आणि त्याच पानावर खाली नाशिकच्या वाईनबद्दल लिहिताना ड्राय, टॅनिन, फुल बॉडी, विंटेज असे शब्द नुसते पेरलेत, अर्थ एकाचाही नाही. आमच्याकडे सीझनला पाहुणे येतात ते हेच वाचून येतात आणि आल्या आल्या विचारतात काजूची वाईन कुठे मिळेल, म्हणून लिहायला बसलो.

फळाचा रस आंबवला की वाईन, बस्स. रसातली साखर यीस्ट खातं, त्याचं अल्कोहोल होतं, गॅस उडून जातो. भट्टीचा, म्हणजे रस उकळून वाफ गार करून दारू उतरवण्याचा, संबंधच नाही. हुर्राक म्हणजे बोंडूचा (काजूच्या रसाळ फळाचा) आंबवलेला रस भट्टी लावून एकदा उतरवलेला, आणि फेणी अजून एकदा उतरवलेली, तिला गोव्याने 2009 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळवला. फेणीत अल्कोहोल 40 टक्क्यांच्या वर, वाईनमध्ये साधारण 11 ते 14, त्याच्यावर ती सहसा जात नाही कारण अल्कोहोल वाढलं की त्यात यीस्टच मरतं. पोर्तुगालची खरी पोर्ट वाईन 20 टक्क्यांपर्यंत जाते ती आंबणं मधेच थांबवून वरून द्राक्षाचं स्पिरिट ओततात म्हणून, आणि साखर शिल्लक राहते म्हणून गोड. (2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हेच असं काही लोक छातीठोकपणे सांगत होते. 12 टक्के अल्कोहोल असलेली वस्तू दारू नाही तर काय पन्हं आहे?)

आता टॅनिन. हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. पिकलेला बोंडू झाडाखालीच चावून खा, आधी गोड रस आणि मग जीभ आवळते, घसा धरतो, ते टॅनिन. रेड वाईनमध्ये ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं कारण रेड करताना रस सालींसकट आंबवतात, रंग पण सालीचाच, बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस आतून पांढराच असतो. व्हाईटमध्ये साल आधीच बाजूला काढतात म्हणून ती तशी आवळत नाही. आणि गंमत बघा, बोंडूच्या रसातला तुरटपणा काढायला त्यात साबुदाण्याची पेज घालतात, तासाभरात टॅनिन आणि गाळ धरून खाली बसायला लागतो आणि वर नितळ रस राहतो. फ्रान्समध्ये बोर्दो भागातले वाईनवाले याच कामासाठी पिंपात अंड्याचा पांढरा बलक घालत आलेत, त्याला फायनिंग म्हणतात. एवढं भारी नाव दिलं की पुरवणीत जागा मिळते, आमच्या पेजेला कोण विचारतो.

ड्राय म्हणजे साखर जवळजवळ संपलेली वाईन, युरोपात लिटरला साधारण 4 ग्रॅमपर्यंत. फळाचा वास आला म्हणून ती गोड असते असं नाही. बॉडी म्हणजे तोंडात किती जड लागते ते, अल्कोहोल जास्त तर बॉडी जास्त, एवढं पुरे.

विंटेज म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष. जुनं म्हणजे भारी असं त्यात काही नाही, आणि लोक इथेच फसतात. बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायच्याच असतात. आमच्या किनाऱ्यावर तर बाटली दुकानात उन्हात उभी, मे महिन्यात पत्र्याखाली, हात लावाल तर गरम लागते, उकाड्याने आतली वाईन फुगून बूच वर आलेलं असतं आणि दुकानदार सांगतो साहेब जुना माल आहे. तो माल शिजलाय. बूच बाहेर आलेली बाटली घेऊच नका, आणि उघडलेली फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर व्हिनेगरच्या वाटेला लागते.

बोंडूची खरी वाईन होऊ शकते, नाही असं नाही, आणि व्हायला पण हवी कारण बी काढून घेतली की बोंडूंचा खच बागेत कुजतो. पण बोंडूच्या रसात साखर साधारण 10 ते 12 ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात दहा-बारा ग्रॅम, त्यातून अल्कोहोल होणार निम्मं, सहाच्या आसपास. वाईनच्या द्राक्षात 22-24 ब्रिक्स असते म्हणून तिथे 12-13 टक्के आपोआप येतात. म्हणजे बोंडूला वरून साखर घालावीच लागणार, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘साखर न घालता 12 टक्क्यांची काजू वाईन’ अशी बातमी पाठवली तर आधी फोन करून विचारा साखर किती घातली आणि भट्टी लावली का, आणि मगच छापा.

— एक काजू बागायतदार, वेंगुर्ले