शिंपल्यातली भाजलेली कालवं

नेरूळ, १८ जानेवारी

प्रिय विन्या,

काल फोनवर तू घाईत होतास आणि कालवांचा विषय अर्ध्यावर राहिला. व्याही येणार म्हणजे जेवणाआधी काहीतरी वेगळं हवंच. म्हणून सविस्तर लिहितोय. वहिनींनाही वाचून दाखव. ओव्हन त्यांचा आहे.

बाजारात वाट्यावर मिळणारी सोललेली कालवं इथे चालणार नाहीत, ती सुक्याला ठेव. या पदार्थात शिंपलाच ताटली असतो. दिवाळे कोळीवाड्यातल्या आपल्या मावशींना आधी सांगून ठेवलं तर शिंपल्यासकट आणून देतील. फक्त माल कुठला ते विचार. एक मोठं कालव दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी गाळू शकतं, आणि पाण्यातली घाण त्याच्या अंगात साठते. आपल्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, फ्लेमिंगो येतात, सगळं छान. पण सांडपाणीही तिथेच उतरतं. तिथलं फ्लेमिंगोंनी खावं, आपण नको. सिंधुदुर्गात बायकांचे बचत गट कालवांची शेती करतात, तिकडचा माल मिळाला तर डोळे झाकून घे.

घरी आणल्यावर ब्रशने घासून धू. उघडा दिसणारा शिंपला बोटाने ठोकायचा. मिटला नाही तर सरळ फेक. उघडताना हातात जाड फडकं हवंच, कड ब्लेडसारखी कापते. खोलगट बाजू खाली ठेवून बिजागरीत आखूड, बोथट सुरी घालायची आणि पिळायची. आतलं खारं पाणी सांडू नकोस, सगळी चव त्यात आहे.

मूळ प्रकार अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. तिथल्या आन्त्वान्स या हॉटेलात ज्यूल अल्सियातोरने १८९९ मध्ये केला, कारण फ्रान्सच्या गोगलगायी मिळेनात. वरचा सॉस इतका श्रीमंत की नाव तिथल्या गडगंज धनिकाचं, रॉकफेलरचं पडलं. कृती त्यांनी अजून गुप्त ठेवली आहे. पालक नाही म्हणतात, आणि जग पालकच घालतं! मग आपण कोथिंबीर घातली तर कोण विचारणार?

तेव्हा कालवांवर घालायला लोणी, ठेचलेला लसूण, भरपूर कोथिंबीर, एखादी मिरची आणि शिळ्या लादी पावाचा चुरा. तिकडे बडीशेपेच्या वासाची दारू घालतात, आपण चिमूटभर बडीशेपच कुटून घालू. मीठ अजिबात नको. चीजही नको, कितीही आग्रह झाला तरी नको. कालव राहतं बाजूला आणि पिझ्झा खाल्ल्यासारखं होतं.

ट्रेमध्ये जाड्या मिठाचा थर दे, म्हणजे शिंपले कलंडत नाहीत. ओव्हन आधी २३० अंशांवर तापव आणि १० मिनिटं ठेव. कडा मुरडल्या आणि वरचा चुरा तांबूस झाला की बाहेर. फार वेळ ठेवलीस तर चिवट होतील, पण अर्धीकच्चीही नकोत. त्यातले जंतू मधुमेह किंवा यकृताचा त्रास असलेल्यांना फार बाधतात, आणि तुझ्या व्याह्यांना साखर आहे ना? वरून लिंबू पिळ आणि लगेच वाढ. माणशी तीन-चार पुरेत, पुढे वहिनींचं मटण आहे.

आणि हो, शिंपल्यांची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, ते मावशींना सांगण्याआधी सूनबाईंना विचारून घे.

तुझा,
दिलीप