सूर्य पाहुण्यांची वाट बघत नाही: क्रीडामंत्र्यांना एका हौशी धावपटूचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: एप्रिल-मे महिन्यांतल्या सुट्ट्यांच्या शर्यतींसाठी उन्हाचे नियम करण्याबाबत

महोदय,

मी नोकरी करणारी, चाळिशी ओलांडलेली आणि सावकाश धावणारी बाई आहे. हाफ मॅरेथॉनचं २१ किलोमीटरचं अंतर जगातले वेगवान धावपटू तासाभरात संपवतात. मला तीन तासांच्या आसपास लागतात. ही ओळख आधीच करून देते, कारण पुढची सगळी तक्रार या दोन तासांच्या फरकातली आहे. उन्हाळ्यातल्या शर्यतीत बक्षीस घेणारे गारव्यात धावून मोकळे होतात. आम्ही मागचे लोक मात्र ऊन डोक्यावर आल्यावरही रस्त्यावरच असतो. म्हणजे ज्यांची तयारी सगळ्यांत कमी, त्यांच्याच वाट्याला सगळ्यांत वाईट हवा येते, आणि तीही सगळ्यांत जास्त वेळ.

आपल्याकडे शर्यतींचा खरा हंगाम थंडीचा. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन डिसेंबरमधली, मुंबईची जानेवारीतली. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळा सरता सरता, सप्टेंबरात. हे रविवार ठरलेले असतात आणि त्यांच्या आजूबाजूचे रविवारही आता भरून गेलेत. त्यामुळे नव्या आयोजकाला मोकळे सापडतात ते एप्रिल-मे. शाळांना सुट्टी असते. १४ एप्रिल किंवा १ मे शनिवार-रविवारला जोडून आला की तीन-चार दिवस मिळतात. मग ‘धावा आणि फिरा’ असं म्हणत थंड हवेच्या ठिकाणी, समुद्रकिनारी, धरणाच्या कडेने शर्यती भरतात. मुलंबाळं, सासू-सासरे घेऊन लोक येतात. एकाने धावायचं, बाकीच्यांनी स्ट्रॉबेरी क्रीम खायचं. मलाही हे आवडतं, म्हणून दरवर्षी जाते. उन्हाळी शर्यती बंद करा असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही.

पण या शर्यतींत आमचं काय होतं ते मंत्रालयापर्यंत पोचत नसावं.

सुरुवात आदल्या दिवशी होते. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, मिळण्याची वेळ अकरा ते चार आणि जागा म्हणजे मैदानातला पत्र्याचा मांडव. सहा-सात तास गाडीत बसून आलेली माणसं भर दुपारी रांगेत उभी राहतात. शर्यतीच्या आधी शरीरात पाणी साठवा असा मेसेज ज्यांनी पाठवलेला असतो, त्यांच्याच मांडवात प्यायच्या पाण्याचा जार रिकामा. सुट्टीमुळे हॉटेलचे दर चढलेले, मग चौघीजणी एका खोलीत. पहाटे तीनला उठायचं, पण गावातल्या लग्नाची वरात रात्री बारापर्यंत खिडकीखाली. झोप झालेली नसते, पोट साफ झालेलं नसतं, आणि स्टार्टपाशी बायकांसाठी असलेल्या दोन फिरत्या शौचालयांसमोर पन्नासजणींची रांग. (या शेवटच्या गोष्टीवर वेगळं पत्र लिहिता येईल. कधीतरी लिहीन.)

आता मूळ मुद्दा, फ्लॅग-ऑफचा.

पत्रिकेवर वेळ असते पहाटे साडेपाच. सव्वापाचला झुंबा चालू होतो. साडेपाचला निवेदक सांगतात की आदरणीय साहेब पाच मिनिटांत पोचताहेत. पावणेसहाला पुन्हा पाच मिनिटं. मग गाड्यांचा ताफा येतो, शाल-श्रीफळ होतं, दोन शब्द होतात, ते वीस मिनिटं चालतात. आम्ही आपले जागच्या जागी उड्या मारत, घाम गाळत उभे. सव्वासहा-साडेसहाला झेंडा हलतो. साहेब फोटो काढून नाश्त्याला जातात. कोणा एकाचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण मी हे वेगवेगळ्या गावांत आणि वेगवेगळ्या पक्षांच्या साहेबांबाबत पाहिलंय.

जानेवारीत हा उशीर म्हणजे नुसता वैताग असतो. मे महिन्यात तो आजारपणाला निमंत्रण ठरतो. १ मेला मुंबईत सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो, नागपुरात पावणेसहालाच. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण नागपूरकरांची सकाळ जवळजवळ अर्ध्या तासाने पुढे पळत असते. विदर्भात सहाला सुटलेली शर्यत ही उन्हातच सुटलेली शर्यत, आणि तिला पाऊण तास उशीर झाला तर माझ्यासारखी बाई साडेनऊनंतर फिनिशला पोचते. त्या वेळी डांबरातूनही झळ यायला लागलेली असते. घाम फुटतो आणि तिथल्या तिथे वाळतो, टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. कोकणात आणि मुंबईत तऱ्हा उलटी. पारा चाळिशीच्या आसपासही नसतो, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही.

म्हणूनच नुसतं तापमान बघून भागत नाही. क्रीडा वैद्यकात यासाठी ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ नावाचं मोजमाप वापरतात. एक थर्मामीटर ओल्या फडक्यात, एक काळ्या गोळ्यात, एक साधा. या तिघांच्या बेरजेत ओल्या फडक्याच्या आकड्याला ७० टक्के वजन, म्हणजे दमटपणाला सगळ्यांत जास्त मान. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेची शिफारस अशी की हा आकडा २८ अंशांच्या वर गेला तर लांब पल्ल्याची शर्यत रद्द करावी किंवा पुढे ढकलावी. मे महिन्यातल्या मुंबईत ऊन नीट वर यायच्या आधीच आपण या रेषेच्या जवळपास असतो. आपली माणसं उकाड्याला सरावलेली, तेव्हा आपल्यासाठी रेषा थोडी वर असावी का, हे डॉक्टरांनी ठरवावं. पण रेषा असावी की नाही, यात ठरवण्यासारखं काय आहे? आज ती नाही. आजवर मी धावले त्या एकाही उन्हाळी शर्यतीत हे उपकरण मला दिसलेलं नाही. ड्रोन मात्र हमखास असतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. गाव आणि आयोजक सांगत नाही. सोळाव्या किलोमीटरच्या पुढे आमच्या ग्रुपमधला एकजण मला समोरून येताना दिसला, म्हणजे तो उलटा धावत होता. विचारलं तर म्हणाला, फिनिश इकडेच आहे ना. दोन पावलं टाकली आणि रस्त्याच्या कडेला बसला, मग आडवा झाला. अंगावर घाम होता, त्यामुळे उष्माघात नसणार असं जवळच्या एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं. उष्माघातात अंग कोरडं पडतं हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. उन्हात नुसतं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाबाबत ते बहुतेकदा खरंही असतं. धावणाऱ्याच्या बाबतीत मात्र घाम येत असतो आणि आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. तो काय बरळतो, कसा चालतो, यावरून ओळखायचं. स्वयंसेवक म्हणजे कॉलेजची पोरं, बिचारी घाबरून गेली. त्यांच्याकडे केळी होती, वेदनाशामक स्प्रे होता. अ‍ॅम्ब्युलन्स होती, पण ती घाटात, पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत. शनिवार-रविवार जोडून आलेली सुट्टी, वर जायला एकच रस्ता आणि त्याच रस्त्याच्या अर्ध्या भागावर आमची शर्यत.

त्याला वाचवलं एका रसवंतीवाल्याने. त्याने नुकतीच दुकानाची फळी उघडली होती. बारदानात गुंडाळलेली बर्फाची लादी त्याने आपणहून फोडली, आम्ही ओढण्या, टॉवेल, टी-शर्ट जे हाताला लागलं ते बर्फाच्या पाण्यात बुडवून त्याच्या अंगभर लपेटत राहिलो आणि वरून बादलीने पाणी ओतत राहिलो. वीसेक मिनिटांनी त्याने स्वतःचं नाव बरोबर सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स त्यानंतर आली. आता तो ठीक आहे, पुन्हा धावतोही, फक्त उन्हाळ्यात नाही. रसवंतीवाल्याने बर्फाचे पैसे घेतले नाहीत.

हे नशीब होतं, व्यवस्था नव्हती. व्यवस्था कशी असते तेही सांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फॅलमथ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे ऐन ऑगस्टमध्ये, सुट्टीच्या गर्दीत, ७ मैलांची शर्यत होते. दमट हवा आणि कमी अंतर, त्यामुळे लोक जीव खाऊन पळतात आणि उष्माघाताचे रुग्ण दरवर्षी ठरलेले. तिथल्या वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब भरून तयार असतात. रुग्णाला आधी टबात बुडवायचं, अंग निवलं की मग हॉस्पिटलला हलवायचं, हा त्यांचा क्रम. १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा उष्माघाताचे २७४ रुग्ण निघाले, आणि त्यांतला एकही दगावलेला नव्हता. या टबाला कोट्यवधी लागत नाहीत. मोठा प्लॅस्टिकचा टब, बर्फाच्या काही लाद्या, गुदद्वारातून तापमान मोजणारा थर्मामीटर आणि तो वापरायला न लाजणारा डॉक्टर. कोकणात तर मासळीच्या बंदरावर बर्फाला तोटा नाही. फिनिशर मेडलवर जेवढा खर्च होतो त्याच्या अगदी लहानशा तुकड्यात हे बसेल.

मागच्यांना पाणी न मिळणं ही तर नेहमीची गोष्ट. पुढचे लोक अर्धी बाटली पितात, अर्धी डोक्यावर ओततात. आम्ही पोचतो तेव्हा टेबलाखाली रिकामी खोकी आणि स्वयंसेवक सामान आवरत असलेले. शिकागोसारख्या मातब्बर मॅरेथॉनमध्येही ७ ऑक्टोबर २००७ रोजी असंच झालं होतं. अवेळी उकाडा पडला, पाणवठ्यांवर पाणी संपल्याच्या तक्रारी आल्या आणि शर्यत मध्येच थांबवावी लागली. आज तिथे वाटेवर हिरवा, पिवळा, लाल, काळा अशा रंगांनी धावपटूंना हवेची स्थिती कळवतात, आणि काळा म्हणजे शर्यत बंद. झेंडे आपल्याकडेही कमी नाहीत, त्यांचा असा उपयोग होऊ शकेल.

महोदय, उन्हाचं गांभीर्य आपल्या शासनाला नव्याने सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं गेली. त्यानंतर, ऊन उतरेपर्यंत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असा निर्णय शासनाने घेतला. ती माणसं तर बसलेली होती. धावणाऱ्याच्या शरीरात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णताच होतो, म्हणजे आम्ही भट्टी सोबत घेऊनच निघतो. आमच्यासाठी धोक्याची वेळ बारापर्यंत थांबत नाही.

आज शर्यतीला परवानगी देताना वाहतूक, ध्वनिक्षेपक, रस्त्यावरच्या कमानी हे सगळं तपासलं जातं. तपासावंच. त्याच अर्जात उन्हाळ्यासाठी वेगळं पान हवं. शर्यत सूर्योदयाच्या किती आधी सुटणार ते त्यावर लिहिलेलं असावं आणि त्या मिनिटाला ती सुटावी, पाहुणे आलेले असोत वा नसोत. टब आणि बर्फ असल्याशिवाय परवानगी नसावी. शेवटचा माणूस पोचेपर्यंत शेवटचं पाण्याचं टेबल उठू नये. घाटात अ‍ॅम्ब्युलन्ससाठी एक बाजू मोकळी राहणार नसेल तर त्या सुट्टीत त्या घाटात शर्यतच नको. आणि शर्यत थांबवण्याचा अधिकार वैद्यकीय प्रमुखाकडे असावा, आयोजकाकडे नको. त्याने प्रायोजकांचे पैसे घेतलेत, आमची फी खर्चून टाकली आहे, गावभर फ्लेक्स लावलेत. उकाडा वाढला म्हणून शर्यत रद्द करतो, असं तो कशाला म्हणेल? रद्द झालीच तर आमचा प्रवेश हिवाळ्यातल्या शर्यतीत वळवून द्यावा, पैसे परत मागण्याचा हट्ट मी तरी करणार नाही. शिवाय किती धावपटूंवर उपचार करावे लागले, हा आकडा आठवडाभरात जाहीर व्हावा. सध्या शर्यतीनंतर फक्त फोटो येतात.

यावर आयोजक म्हणतील की एवढे नियम केले तर लहान गावातली शर्यत परवडणार नाही. काही शर्यती बंद पडतीलही. ज्यांना बर्फ परवडत नाही त्यांनी मे महिना सोडून दिलेला बरा. दुसरं कोणी म्हणेल, शेतात आणि बांधकामावर माणसं दिवसभर राबतात, तुम्हा हौशी लोकांचं काय एवढं कौतुक? हा टोला मला लागतो. त्या माणसांसाठीही सावलीचे आणि पाण्याचे नियम हवेत, आमच्याआधी हवेत. शर्यतीच्या चौकात पहाटे तीनपासून उभ्या असलेल्या हवालदाराचाही त्यात विचार व्हावा, त्याला तर केळंही मिळत नाही.

आपल्याला झेंडा दाखवायला बोलावणं येईल तेव्हा एक करा. सुरुवातीला येऊ नका, नऊ वाजता फिनिशला या. तेव्हा माइक बंद झालेला असतो, कमानीतली हवा सोडत असतात आणि माझ्यासारखे लोक एकेक करून येत असतात. तिथे अर्धा तास उन्हात उभं राहिलात तर या पत्रातली निम्मी वाक्यं मला लिहावीच लागली नसती असं आपल्याला वाटेल.

पुढच्या उन्हाळ्याच्या शर्यतींची नोंदणी दिवाळीनंतर उघडायला लागते. एकदा फी भरली गेली, हॉटेलं बुक झाली की कोणताही नियम ‘पुढच्या वर्षीपासून’ होतो. त्यामुळे शासन निर्णय काढायचा असेल तर तो दिवाळीच्या आत निघावा, आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी, पोलीस आणि नगरपालिकांबरोबर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या फलकावरही लागावी, म्हणजे फी भरण्याआधी आम्हाला ती वाचता येईल.

कळावे,

आपली,
नाशिकची एक हौशी धावपटू