विनूच्या आयपॉडसाठी अ‍ॅम्प्लिफायर

पुणे, रविवार

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

‘आयपॉडसाठी तीस हजारांत कोणता अ‍ॅम्प्लिफायर घेऊ?’ हा तुझा प्रश्न एका ओळीचा होता, पण उत्तर फोनवर टाइप करण्याइतकं लहान नाही, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलो. तुझा आयपॉड क्लासिक, तो गाणी साठवून वाजवणारा छोटा प्लेअर, अजून धडधाकट आहे हे वाचून आनंद झाला. अ‍ॅपलने २०१४ मध्येच तो विकणं थांबवलं. पण त्या १६० जीबीत तू बाबांच्या कॅसेटींवरून जे उतरवून ठेवलंयस ते दुसरीकडे कुठे मिळणार? तेव्हा ‘आता फोनवरूनच ऐक’ असलं काही मी सांगणार नाही.

दुकानदाराने तुला ज्या खुब्या ऐकवल्या (ब्लूटूथ, यूएसबी, रिमोट, ‘पाच हजार वॅट’) त्यातला रिमोट तेवढा तुझ्या कामाचा. क्लासिकमध्ये ब्लूटूथ नाहीच, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असून तुला त्याचा उपयोग शून्य. समोरचा यूएसबी पेन ड्राइव्ह वाचण्यासाठी असतो. आयपॉड लावलास तर फार तर चार्ज होईल. डेनॉन, यामाहा, ऑन्कियो यांच्या काही जुन्या रिसीव्हरना (रेडिओ असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरना) आयपॉड थेट ओळखता यायचा, तसा एखादा चांगल्या स्थितीत मिळाला तर गोष्ट वेगळी. आणि ते पाच हजार वॅट पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, असणार. तो आकडा खोक्यावर छापण्यापुरता असतो, त्याकडे बघूच नकोस.

तुला अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे हवी आहे लाल-पांढऱ्या पिनांची एक साधी जागा. तिच्यावर ऑक्स, सीडी, टेप, ट्यूनर काहीही लिहिलेलं असलं तरी चालेल. ‘फोनो’ लिहिलेल्या जागी मात्र चुकूनही लावू नकोस. ती रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असते. सुईकडून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, म्हणून तिथे आवाज प्रचंड वाढवला जातो, शिवाय खर्ज उचलून वरच्या पट्ट्या दाबल्या जातात. आयपॉड तिथे लावलास तर नुसता फाटका, घोगरा आवाज येईल.

आता खरी मेख. अ‍ॅम्प्लिफायर कोणता यापेक्षा आयपॉडमधून आवाज कुठून काढायचा हे तू आधी ठरव. वरच्या हेडफोनच्या भोकातून काढता येतो. आयपॉडला त्याने काही होत नाही, ती भीती सोड. अ‍ॅम्प्लिफायरची इनपुट हजारो ओहमची असते, हेडफोनपेक्षा कितीतरी हलका भार. पण त्या वाटेने आवाज आयपॉडच्या छोट्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमधून, त्याच्या व्हॉल्यूममधून आणि मग पुन्हा तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो. खालच्या रुंद ३० पिनांच्या डॉकमध्ये (चार्जिंगची वायर लागते त्या जागी) लाइन-आउट आहे. तिथून ठरावीक पातळीचा, व्हॉल्यूमला बगल देऊन आलेला आवाज मिळतो. चाक फिरवून तो कमी-जास्त होणार नाही, म्हणजे सगळं नियंत्रण अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉबवर. घरच्या ऐकण्याला तेच बरं. सीडी प्लेअर दोन व्होल्टपर्यंत देतो, आयपॉड त्याहून कमी, त्यामुळे नॉब थोडा जास्त फिरवावा लागेल. त्यावरून अ‍ॅम्प्लिफायर कमजोर आहे असं समजू नकोस.

डॉकची वायर मिळेपर्यंत हेडफोनचीच वाट वापर. एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, अशी तयार वायर आमच्या तपकीर गल्लीत मिळते, तुझ्याकडेही मिळेल. आयपॉडचा व्हॉल्यूम ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेव आणि ईक्यू (खर्ज-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) बंद कर. त्यातला ‘बेस बूस्टर’ लावला की तबल्याच्या थापेला आवाज फाटतो. कितीही महागडा अ‍ॅम्प्लिफायर पुढे ठेवलास तरी तो फाटलेलाच येणार.

वॅटांचा हिशेब सरळ आहे. सामान्य बुकशेल्फ स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबलच्या आसपास देतो. तू तीन मीटरवर बसलास तर खोलीत ते ७८-८० उरेल. साध्या गप्पा साठच्या आसपास असतात, म्हणजे एका वॅटातही तुझी आई आतून ओरडेल. थाप किंवा तान उसळते तेव्हा मात्र क्षणभर दहा ते तीस पट ताकद लागते. म्हणून दर चॅनेलला (बाजूला) वीस-तीस खरे वॅट, आरएमएसचे म्हणजे सलग मिळणारे, पुरेत. वीसचे चाळीस केलेस तर फक्त तीन डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळेल इतके. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. नॅडचा ३०२० हा सत्तरच्या दशकाअखेरचा अ‍ॅम्प्लिफायर कागदावर अवघ्या वीस वॅटचा. जगभर लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं गाणं ऐकलं.

खरे वॅट ओळखायची युक्ती सांगतो. हल्ली अ‍ॅम्प्लिफायरचे जे तळहाताएवढे ‘क्लास-डी’ प्रकारचे डबे मिळतात, त्यांचा अ‍ॅडाप्टर उलटा करून बघ. १९ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिलं असेल तर एकूण ५७ वॅट आत येतात. समोर ‘१०० + १००’ लिहिलं असलं तरी दोन्ही बाजू मिळून पन्नासच्या वर सलग निघणार कुठून? १९ व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला दर बाजूला वीसेक वॅट मिळतात. तुला तेवढेच हवेत, म्हणून डबा वाईट नाही, जाहिरात खोटी आहे. मी स्वतः पैसे घालायचे तर थेट घरच्या विजेवर चालणारा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला, रिमोटवाला, यामाहा किंवा डेनॉनचा साधा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेईन. दुरुस्तीला कोणी तरी हात लावतो. पण बजेट ताणायचं नसेल तर छोटा डबा घे आणि उरलेले पैसे स्पीकरवर घाल. स्पीकर बदलला की आवाज बदलतो. दोन धड अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक तू डोळे मिटून सांगू शकशील याची मला खात्री नाही. माझ्या मते तुझ्या तीस हजारांतले वीस तरी स्पीकरवर जावेत.

जुना घ्यायचा मोह होईल, कोलकात्याच्या सोनोडाइनचा वगैरे. घे, पण आधी दुकानात उभं राहून नॉब हळूहळू पूर्ण फिरव. खरखर आली किंवा एक बाजू मध्येच गेली तर नॉब साफ करून भागेल; पण गाणं बंद असताना स्पीकरमधून ठळक गुणगुण येत असेल तर बहुधा आतले कपॅसिटर सुकलेत, किंमत पाड नाही तर सोडून दे.

गुणगुणीवरून आठवलं. आयपॉड चार्जिंगला लावून ऐकू नकोस. चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगची गाठ पडली की वायरीतून आवाज येतो आणि तू अ‍ॅम्प्लिफायरला दोष देत बसशील. बॅटरीवर चालव. ती टिकत नसेल तर बदलून घे. क्लासिक उघडणं मात्र कटकटीचं आहे, सवयीच्या माणसाकडेच दे.

आणि एक. तुझ्या साठ्यात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांवरचं गाणं आहे. खाँसाहेब गेले १९३७ साली, म्हणजे सगळं ७८ आरपीएमचं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्यात खोल खर्ज मुळात नाही आणि वरची बारीक झळाळीही नाही. तुम्ही तंबोरे घडवणाऱ्या मिरजेचे लोक तंबोऱ्याची जवारी (तारांची ती झणझणीत गुंज) कानात घेऊन वाढलेले, तुला ती उणीव लगेच टोचेल आणि तू बास-ट्रेबल पिळायला लागशील. पिळू नकोस, फक्त सुईची खरखर वाढते. नवं यंत्र पारखायला बाबांच्या कॅसेटीही लावू नकोस, त्यांची सळसळच ऐकत बसशील. एखादं सीडीवरून घेतलेलं गाणं लाव, तबल्याच्या डग्ग्याकडे कान दे. डग्गा घुमतो पण सूर हरवतो असं झालं तर स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढ. शोकेसच्या आत तर ठेवूच नकोस. वहिनी आग्रह धरतील, तरी.

डॉकची एक जास्तीची वायर माझ्या खणात पडून आहे. माझा धाकटा पुढच्या आठवड्यात सांगलीला येतोय, त्याच्याकडे देतो. तू दिवाणखान्याची लांबी-रुंदी आणि स्पीकर ठेवायच्या भिंतीचा फोटो पाठव, म्हणजे स्पीकरचं बोलू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मधू