मेहर आणि वलवर एकच नाही हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अफगाण लग्नांवरचा लेख वाचला. कालच लिहायला बसले होते पण राग इतका होता की दोन ओळींपुढे जाईना. तुम्ही छापलंय की तिकडे मुलीची किंमत ठरते आणि त्या किमतीला मेहर म्हणतात. अहो, मेहर म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, निकाहात ठरलेली, तिच्या एकटीच्या हक्काची. बापाच्या हातात जातात ते पैसे वेगळे, पश्तूनांमध्ये त्याला वलवर म्हणतात, उत्तरेकडे तोयाना. लिहिणाऱ्याने कुणा एका अफगाण मुलीला जरी विचारलं असतं तरी कळलं असतं, पुण्यात काय कमी आहेत का शिकायला आलेल्या!

आमच्या वरच्या खोलीत काबूलची एक मुलगी भाड्याने राहायची, एम.ए. करत होती. 2018 मध्ये तिकडे तिचं लग्न ठरलं. आपल्याकडे मुलीचा बाप जोडे झिजवतो, तिकडे मुलाकडच्या बायका खेपा घालतात, आई, मावशी, आत्या सगळ्या, त्याला ख्वास्तगारी म्हणतात, आणि पहिल्या खेपेला हो म्हणायचंच नसतं म्हणून त्या तीनदा येऊन गेल्या आणि ही रोज रात्री फोनवर आईला विचारायची, आज आल्या का. मग हिला विचारलं, हिने हो म्हटलं, तेव्हा हिच्या घरच्यांनी ताटात मिठाई आणि भरतकामाचा रुमाल ठेवून मुलाकडच्यांना दिला. ते ताट गेलं की शब्द पक्का. त्या दिवशी तिने नोकुल, म्हणजे साखरेत घोळवलेले बदाम, वाटीत घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार वाटले. एका घरात तिला हसत हसत विचारलं, "कितीला विकली गं तुला?"

ती खाली येऊन माझ्या ओट्यापाशी बराच वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, काकू, मेहर किती ते मी स्वतः सांगितलं, बाबांनी एक अफगाणीसुद्धा घेतली नाही. मी त्या घरी जाऊन बोलायला हवं होतं. गेले नाही, ते अजून सलतं.

वलवर चांगली आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तिच्याच ओळखीतला नांगरहारचा एक मुलगा साखरपुडा होऊन चार वर्षं इराणमध्ये बांधकामावर राबत होता, रक्कम जमेना, मुलगी घरी वाट बघत बसलेली. तिकडची 'बदल' नावाची पद्धत म्हणजे आपलं साटंलोटंच. आणि बद तर अमानुष, भांडण मिटवायला मुलगीच समोरच्यांना देऊन टाकायची, 2009 च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला होता. यावर लिहा ना, पानभर लिहा! ठरलेली मेहर कितीतरी बायकांच्या हातात पडतच नाही, त्यावर लिहा. 1978 साली काबूलच्या कम्युनिस्ट सरकारनेही असाच घोळ घातला, पैसे घेऊन मुलगी द्यायची नाही म्हणाले ते बरोबरच, पण त्याच हुकमात मेहरवरही 300 अफगाणींची मर्यादा घातली. म्हणजे लोभ बापाचा आणि कात्री लेकीच्या हक्काला. तुमच्या लेखातली ती एक ओळ नेमकं तेच करते.

अजून एक. लेखभर "अफगाणी लोक, अफगाणी मुली" असं छापलंय. अफगाणी हे त्यांचं चलन आहे, माणसं अफगाण. याच चुकीबद्दल मी मागे एकदा पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाहीत.

हे नाही छापलंत तरी चालेल, पण मेहरची दुरुस्ती पहिल्या पानावर द्या. त्या घरात तुमचाच पेपर येतो.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे