गिटारसाठी स्पीकर घेताना वॅटच्या आकड्याला भुलू नये

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत डिजिटल गिटारवादनावर आलेला लेख मी आवडीने वाचला. व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) जड अँप घरी ठेवून, पायाशी एक मॉडेलर, म्हणजे अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे यंत्र, घेऊन कार्यक्रमाला उभे राहणारे वादक आता लहान गावांतही दिसतात आणि मराठी दैनिकाने त्याची दखल घ्यावी, हे आनंदाचेच आहे. मात्र मॉडेलरला जोडायच्या पॉवर्ड 'फुल रेंज' स्पीकरची, म्हणजे आतच अँप्लिफायर असलेल्या आणि खर्जापासून तारस्वरांपर्यंत सर्व स्वर देणाऱ्या स्पीकरची निवड त्या लेखात 'जितके वॅट अधिक तितके उत्तम' एवढ्या एका वाक्यात उरकली आहे. नेमक्या याच समजुतीवर विसंबून मी काही वर्षांपूर्वी बरेच पैसे घालवले असल्यामुळे हे पत्र लिहिणे मला भाग पडले.

मी मिरजेचा रहिवासी असून गेली वीसेक वर्षे वाद्यवृंदांत गिटार वाजवतो. बारा इंची एकच स्पीकर असलेले 60 वॅटचे व्हॉल्व्ह अँप नाट्यगृहाच्या मागच्या जिन्याने वर चढवणे कमरेला झेपेनासे झाले, तेव्हा मी मॉडेलर घेतला आणि त्यासोबत खोक्यावर ठळक अक्षरांत '2000 वॅट' असे छापलेला एक स्पीकरही घेतला. कंपनीचे नाव येथे घेत नाही. पहिल्याच कार्यक्रमात ढोलकी आणि ऑक्टोपॅड एकदम सुरू झाले आणि माझी गिटार मलाच ऐकू येईना. आवाज वाढवला तसा स्पीकरवरचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि खालच्या तारांचे स्वर उशीखालून आल्यासारखे दबून गेले. मध्यंतरात आमच्या साउंडवाल्याने मागे वाकून स्पीकरची वायर पाहिली आणि म्हणाला, "दादा, सहा अँपिअरच्या प्लगमधून दोन हजार वॅट कुठून येणार?"

230 व्होल्टला सहाने गुणले की 1380 येतात, एवढाच त्याचा हिशेब होता. तो शास्त्राच्या काट्यावर पूर्ण उतरत नाही, कारण अँप्लिफायर आपल्या कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेच्या बळावर क्षणभर प्लगच्या कुवतीपेक्षा अधिक शक्ती देऊ शकतो. पण बोट त्याने बरोबर जागेवर ठेवले होते. खोक्यावरचा आकडा त्या क्षणभराचा, म्हणजे 'पीक' वॅटचा असतो, आणि सलग मिळणारी शक्ती त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही बरीच कमी असते. ज्यांच्या घरी 1990 च्या दशकात टू-इन-वन आला असेल, त्यांना त्यावर लिहिलेले 'पीएमपीओ'चे, म्हणजे अशाच क्षणिक कमाल शक्तीचे, अचाट आकडे आठवत असतील. ही त्याच घराण्यातली, जरा बरे कपडे घातलेली गोष्ट आहे.

शिवाय वॅट खरे असले तरी त्यांवरून आवाजाचा अंदाज येत नाही, आणि माझ्या मते हाच मुद्दा त्या लेखात यायला हवा होता. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो साधारण दुप्पट वाटायला 10 डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज लागते. त्यामुळे 1000 आणि 2000 वॅटच्या दोन स्पीकरांत किमतीचा फरक जेवढा डोळ्यांत भरतो, तेवढा आवाजातला फरक कानात भरत नाही. खरी मेख आहे ती स्पीकरच्या संवेदनशीलतेत, म्हणजे एका वॅटमध्ये एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो यात. गिटारवादकांत प्रिय असलेल्या सेलेस्टियन कंपनीच्या 'व्हिंटेज 30' या बारा इंची स्पीकरची संवेदनशीलता 100 डेसिबल आणि क्षमता 60 वॅट आहे. म्हणजे पूर्ण ताकदीवर तो एक मीटरवर साधारण 118 डेसिबल आवाज देतो. फुल रेंज स्पीकरला मात्र खालचा खर्जही स्वच्छ द्यायचा असतो, आणि ती किंमत त्याला संवेदनशीलतेत मोजावी लागते. ती 94 डेसिबल धरली, तर तेवढ्याच आवाजासाठी 60 च्या जागी सुमारे 240 वॅट सलग लागतात. माझे जुने 60 वॅटचे अँप 2000 वॅटच्या नव्या खोक्यापेक्षा ढोलकीला का पुरून उरत होते, हे कोडे मला हा गुणाकार कागदावर मांडल्यावर सुटले.

तेव्हा विकत घेणाऱ्याने वॅट न विचारता 'कमाल आवाज किती डेसिबल, आणि तो पीक की सलग' असे विचारावे. वारंवारतेच्या पल्ल्याबाबतही हीच सावधगिरी हवी. '50 ते 20,000 हर्ट्झ' असे छापलेले असते, पण ही टोके 3 डेसिबलच्या उताराने मोजली की 10 डेसिबलच्या, हे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. 10 डेसिबल खाली गेलेला स्वर कानाला निम्माच उरतो, त्याला पल्ल्यात मोजणे म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत गैरहजर नातेवाइकांची पाने मांडण्यासारखे आहे.

आता या स्पीकरकडून नेमके काय मिळते, याविषयी. गिटारचा पारंपरिक स्पीकर साधारण 70 पासून 5,000 हर्ट्झपर्यंतच नीट बोलतो आणि त्यापुढचे तीक्ष्ण, खरखरीत स्वर तो गिळून टाकतो. विद्युत गिटारचा जो आवाज आपल्या कानांत बसला आहे, तो या गिळण्यातूनच घडला आहे. मॉडेलर हे काम आकडेमोडीने करतो. त्यात जो 'कॅबिनेट'चा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा, नमुना असतो, तो प्रत्यक्ष स्पीकरच्या जाळीपासून दोन बोटांवर मायक्रोफोन ठेवून टिपलेला असतो. म्हणून फुल रेंज स्पीकरमधून ऐकू येतो तो खोलीत उभे राहून ऐकलेल्या अँपचा आवाज नव्हे, तर मायक्रोफोनने ऐकलेल्या अँपचा, म्हणजेच ध्वनिमुद्रणातला आवाज असतो. 'डिजिटलमध्ये अंगावर येणारा आवाज नाही' ही आमच्या पिढीतल्या वादकांची तक्रार बरीचशी यातून येते, आणि त्यात मॉडेलरचा किंवा स्पीकरचा दोष फारसा नसतो. ज्याला तो अंगावर येणारा आवाजच हवा आहे, त्याने मॉडेलरमधला कॅबिनेट बंद करून साधा पॉवर अँप आणि गिटारचा खराखुरा स्पीकर वापरावा. मात्र कॅबिनेट बंद ठेवून फुल रेंज स्पीकर जोडला, तर गिटारऐवजी पत्र्यावर मधमाश्या सोडल्याचा भास होतो. हा प्रकार मी एकदा नाही, तीनदा पाहिला आहे.

घरी हेडफोनवर रात्री बसून बनवलेला पॅच, म्हणजे मॉडेलरमध्ये साठवलेली आवाजाची जुळणी, कार्यक्रमात बोजड आणि चिरका का होतो, याचे कारणही स्पीकरच्या माथी मारले जाते. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिले की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तारस्वर दोन्ही कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ते पुढे येतात. घरी आपण ती उणीव भरून काढायला दोन्ही टोके वाढवून ठेवतो आणि रंगमंचावर त्याचे फळ भोगतो. मी आता पॅचचे शेवटचे काम स्पीकर कार्यक्रमाइतक्या आवाजावर ठेवूनच करतो, शेजाऱ्यांना सांगून आणि दुपारीच. 90 हर्ट्झच्या खालचे आणि 6,500 च्या वरचे कापून टाकतो. गिटारची सर्वांत खालची तार 82 हर्ट्झवर बोलते, म्हणून 90 ला कापणे काहींना पटणार नाही, पण तिथली जागा बासगिटारची आहे आणि ती त्याला दिली की दोघांचेही ऐकू येते.

आकार आणि रचनेबाबत थोडक्यात सांगता येईल. आठ इंची स्पीकर खोलीतल्या सरावाला पुरतो, ढोलकी किंवा ड्रम सेटसोबत दहा किंवा बारा इंची हवा. वूफर (खालच्या स्वरांचा भाग) आणि हॉर्न (वरच्या स्वरांचा भाग) वेगवेगळे असलेला स्पीकर अगदी जवळ, पायाशी ठेवला तर दोघांचे आवाज वेगवेगळ्या जागांहून आल्याचे जाणवते. हॉर्न वूफरच्या मध्यातच बसवलेल्या, म्हणजे कोअॅक्सियल रचनेत हे होत नाही. स्पीकर जमिनीवर टेकवला की खर्ज वाढतो, हे लक्षात ठेवून तो कलता ठेवण्याची सोय आहे का ते पाहावे. गिटारवादकांसाठीच केलेले लाइन सिक्सचे 'पॉवरकॅब' किंवा फेंडरचे 'टोन मास्टर एफआर-12' यांसारखे पर्याय आहेत. फेंडरच्या स्पीकरवर तर तारस्वर कापण्याची कळही दिली आहे. उलट क्यूएससी किंवा यामाहाचे सर्वसाधारण पीए (सभा-कार्यक्रमांसाठीचे) स्पीकर गिटारलाही चालतात आणि उद्या गायकालाही देता येतात. ज्याचे पोट कार्यक्रमांवर आहे, त्याने हा दुसरा विचार अधिक करावा, असे मला वाटते.

एक गोष्ट दुकानात कधीच कळत नाही. अँप्लिफायर चालू करून काहीही न वाजवता स्पीकरला कान लावला, तर आतून 'स्स्स' असा आवाज येतो. दुकानातल्या वर्दळीत तो ऐकू येत नाही. वन बीएचकेमध्ये रात्री अकरा वाजता तो गिटारपेक्षा मोठा वाटतो, आणि काही स्पीकरांत त्यावर पंख्याची घरघरही असते.

याच कारणाने माझी खरी तक्रार विक्रेत्यांकडे आहे. आमच्या मिरजेत तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला कारागीर तो मांडीवर देतो, जवारी लावून दाखवतो, तासभर छेडू देतो आणि नाही आवडला तर दुसरा काढतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही केवळ भोपळ्याच्या गुणामुळे नव्हे. त्याहून महाग स्पीकर मात्र आपल्याला खोक्यात बंद दाखवला जातो, आणि 'लावून दाखवा' म्हटले की 'सील तोडावे लागेल' हे उत्तर मिळते. दुकानदारांनी निदान एक नमुना उघडा ठेवावा आणि गिऱ्हाइकाला स्वतःचा मॉडेलर, स्वतःची गिटार आणि स्वतःचे पॅच घेऊन तो अर्धा तास मोठ्या आवाजात वाजवू द्यावा. आयातदारांनी जाहिरातीत पीक वॅटच्या शेजारी सलग वॅट आणि कमाल डेसिबल तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावेत. आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी या विषयावर लिहिताना तुलनेच्या तक्त्यात हेच आकडे द्यावेत, अशी विनंती आहे.

माझा तो 2000 वॅटचा स्पीकर गेले दीड वर्ष आमच्या भागातल्या भजनी मंडळाकडे आहे. पेटी आणि दोन मायक्रोफोन एवढाच त्याच्यावर भार असतो, आणि तिथे त्याच्याविषयी कोणाचीही तक्रार नाही.

आपला,
एक गिटारवादक वाचक, मिरज