लाल सोन्याविषयी मित्रास पत्र

ताळगाव, गोवा
१० ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. धाकटीने भौतिकशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि पुढे संशोधनच करायचे असे ती म्हणते, हे वाचून फार आनंद झाला. त्याच पत्रात तू विचारलेस की, मी इतकी वर्षे प्रयोगशाळेत नेमके काय केले आणि त्या वाटेने मुलीला जाऊ द्यावे की नाही. मराठी शाळेत एका बाकावर बसलेल्या मित्राला हे पत्राने विचारावे लागावे, याचे मला वाईट वाटले. भेटलो की आपण शाळेच्या आणि घरच्यांच्या गोष्टी बोलत राहिलो आणि कामाची गोष्ट दर वेळी राहून गेली. म्हणून आज सवडीने, हातचे काही न राखता लिहितो.

माझ्या विषयाचे नाव लांबलचक असले तरी प्रश्न एकच आहे. धातूचा कण इतका बारीक केला की त्याची रुंदी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागावी, तर प्रकाश त्या कणाशी कसा वागतो? या प्रश्नाची ओढ मला पुण्यात लागली, पण तिचे मूळ म्हापशाच्या बाजारातल्या बाबांच्या दुकानात असावे. तुला ते दुकान आठवत असेल. शुक्रवारी बाजाराला आलेली माणसे दागिना मोडायला घेऊन येत, तेव्हा बाबा तो कसोटीवर घासत, त्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडत आणि मग दगड दाराशी नेऊन उजेडात तिरपा धरत. दिव्याखाली कस पाहायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. धातू काय आहे हे उजेडाला विचारायचे, ही गोष्ट मी तिथेच शिकलो, हे मला पुष्कळ पुढे कळले.

१९८८ साली मी इथल्या पठारावर एम.एस्सी.ला आलो, तेव्हा गोवा विद्यापीठ स्थापन होऊन तीनच वर्षे झाली होती. पुढे पीएच.डी.साठी पुण्याला गेलो. पहिल्याच महिन्यात मार्गदर्शकांनी माझ्या हातात मायकेल फॅरडे यांचा १८५७ सालचा निबंध ठेवला आणि आधी हा वाचून ये, मग बोलू, असे सांगितले. विजेवरच्या कामामुळे जगभर माहीत असलेल्या या माणसाने उतारवयात सोने आणि प्रकाश यांवर शेकडो प्रयोग केले होते. सोन्याच्या क्षारापासून त्यांनी माणकासारखा लाल द्रव तयार केला, त्यातून प्रकाशाची तिरीप सोडली की तिचा मार्ग आतल्या आत उजळून दिसतो हे पाहिले, आणि त्यात मीठ टाकताच तो निळसर होतो हेही नोंदवून ठेवले. या द्रवात सोने विरघळलेले नसून अत्यंत बारीक कणांच्या रूपाने तरंगत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ते कण पाहण्याचे कोणतेही साधन तेव्हा जगात नव्हते. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्या लाल रंगाचा पुरता हिशेब मांडायला मात्र १९०८ साल उजाडावे लागले, आणि तो गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला.

तो हिशेब तुला गणिताशिवाय सांगतो. परातीत पाणी घेऊन चालताना एका विशिष्ट लयीत पावले पडली की पाणी जोरात हिंदकळते, त्याहून हळू किंवा भरभर चाललास तर तितके हिंदकळत नाही. सोन्याच्या कणात मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि तेही असेच हिंदकळतात. त्यांना हलवणारी लय प्रकाशाच्या लहरीची असते. सुमारे वीस नॅनोमीटरच्या कणात अडीच लाखांच्या आसपास अणू मावतात, आणि पाण्यात असलेल्या अशा कणाची लय हिरव्या प्रकाशाच्या लयीशी जुळते. तो हिरवा प्रकाश कण शोषून घेतो आणि लाल तेवढा पार होतो. कण एकमेकांना चिकटले की लय बदलते आणि रंग निळ्या-जांभळ्याकडे सरकतो. फॅरडेंच्या मिठाने तेच केले होते. चांदीच्या कणांची लय याहून वेगळी, म्हणून त्यांचा द्रव पिवळा दिसतो.

हे कण करण्याची सर्वांत साधी रीत १९५१ साली जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सविस्तर अभ्यासली, आणि मी ती आजवर शेकडो वेळा केली आहे. शुद्ध पाण्यात सोन्याच्या क्षाराचे फिकट पिवळे द्रावण घालून ते उकळायचे आणि उकळी आल्यावर सोडियम सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा एक क्षार, टाकायचे. पिवळेपणा जातो, क्षणभर काहीच दिसत नाही, मग करडी-निळी झाक येते, ती काळपट होते, जांभळी होते, आणि थोड्याच मिनिटांत पाण्यात कोकमाचे आगळ ओतावे तसा लाल रंग भरतो. इतक्या वर्षांनीही त्या करड्या क्षणी मी भांड्यावरून नजर हटवत नाही.

पुण्याहून पहिल्यांदा तशी एक बाटली मी घरी आणली, ती गोष्ट तुला सांगायलाच हवी. बाबांनी ती खिडकीशी नेली. आमच्या जुन्या घराच्या खिडकीला चपट्या शिंपल्यांची तावदाने होती आणि त्यांतून दुधाळ उजेड येई, तो तुलाही आवडायचा. त्या उजेडात बाटली बराच वेळ धरून त्यांनी विचारले, “यात सोने किती?” मी म्हटले, पाच मिलिग्रॅम, म्हणजे गुंजेचा विसावा हिस्सासुद्धा नाही. “मग सोने पिवळे का नाही?” मी त्यांना इलेक्ट्रॉनांचे सांगितले. सोन्याचा पिवळेपणाही साधा नाही, त्याच्या जड अणूतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की आइन्स्टाइनची सापेक्षता हिशेबात धरल्याशिवाय तो रंगही नीट सुटत नाही, हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी बाटली दुकानात नेली. तिथे त्यांनी ते पाणी आटवले, उरलेला थर टाकणखार घालून लहानशा मुशीत वितळवला, आणि संध्याकाळी चिमट्यात मोहरीपेक्षा बारीक असा एक पिवळा मणी धरून घरी आले. तो त्यांनी कसोटीवर ओढून पाहिला होता. “सोनेच आहे,” एवढेच म्हणाले आणि मणी एका डबीत ठेवला. मित्रा, माझ्या प्रबंधाची परीक्षा पुढे दोन परीक्षकांनी घेतली, पण माझ्या लेखी पहिली परीक्षा तीच.

पीएच.डी.नंतर मी तीन वर्षे जर्मनीत काढली. तिथे मला उत्तम उपकरणे मिळाली आणि राहा म्हणणारी माणसेही भेटली. परत येण्याचे कारण मोठे नव्हते. आई आजारी होती, आणि मला इथेच शिकवायचे होते. त्यानंतरची दोन वर्षे कठीण गेली. बाहेरून मागवलेला लेसर कागदपत्रांच्या एका त्रुटीपायी ऐन पावसाळ्यात चार महिने एका कचेरीच्या गोदामात पडून राहिला. पेटी उघडली तेव्हा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे निळे दाणे सगळे गुलाबी झाले होते आणि भिंगावर बुरशीची जाळी पसरली होती. ते भिंग पुन्हा मागवायला सहा महिने गेले, आणि त्यात माझ्या पहिल्या विद्यार्थ्याचे एक वर्ष वाया गेले, याची खंत मला आजही आहे.

गोव्याच्या हवेने माझा विषयही ठरवला. मला काम करायचे होते चांदीवर, आणि त्यामागे रामन परिणाम होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात दाखवलेला हा परिणाम असा: रेणूवर पडलेला बहुतेक सगळा प्रकाश आहे त्याच रंगाने विखुरतो, पण त्यातला अगदी नगण्य अंश, प्रकाशाच्या कोटी कणांत एखादा म्हण, किंचित रंग बदलून येतो आणि त्या बदलावरून रेणू ओळखता येतो. हा अंश इतका क्षीण असतो की थोड्याशा द्रव्याची ओळख पटणे अवघड जाते. १९७४ साली मार्टिन फ्लाइशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खडबडीत केलेल्या चांदीवर तो अनपेक्षितपणे ठळक दिसला. चांदीचा पृष्ठभाग वाढल्यामुळे त्यावर जास्त रेणू बसले, असे त्यांना वाटले. १९७७ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिले की, एवढ्याने हिशेब जमत नाही. चांदीच्या सूक्ष्म खाचाखोचांपाशी हा संदेश लाख किंवा त्याहून अधिक पटींनी वाढतो. तेच हे हिंदकळणारे इलेक्ट्रॉन. मी चांदीच्या कणांचे थर बनवले, पण देवघरातली चांदीची तबके पावसाळ्यात जशी काळवंडतात, तसे माझे थरही काही दिवसांत निकामी होऊ लागले. अखेर मी सोन्याकडे वळलो आणि कणांवर सिलिकाचे पातळ कवच चढवण्यात पुढची कितीतरी वर्षे घालवली. दुसऱ्या हवेत मी कदाचित दुसराच शास्त्रज्ञ झालो असतो.

आता एक चूक सांगतो, आणि ती धाकटीने जरूर वाचावी. एका कीटकनाशकाचा माग काढताना आम्हाला असाधारण ठळक संदेश मिळाला. इतक्या विरल द्रावणात तसा संदेश पूर्वी कोणी नोंदवल्याचे माझ्या वाचनात नव्हते. मी उत्साहाने निबंध लिहिला आणि पाठवलाही. तेव्हा सत्तरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे होती, फार कमी बोलणारी. तिने कोणी न सांगता एका थरावर नुसते पाणी टाकून मोजणी केली आणि आलेख माझ्या टेबलावर ठेवला. आमच्या आलेखातली दोन मुख्य शिखरे, रंगातला बदल मोजणाऱ्या पट्टीवर एक १३५० च्या आणि दुसरे १५८० च्या जवळ, जशीच्या तशी तिथेही होती. ती कोळशाची खूण आहे. लेसर गरजेपेक्षा प्रखर होता, थरावर राहिलेले सायट्रेट त्याने जळत होते, आणि त्या काजळीलाच आम्ही कीटकनाशक समजत होतो. हे माझ्या ध्यानात यायला हवे होते, कारण ती शिखरे मी वर्गात शिकवत असे. त्या रात्री झोप आली नाही. सकाळी मी निबंध परत मागवला, आणि त्या मुलीच्या नावे प्रयोगशाळेत एक नियम केला की, कोरी मोजणी झाल्याशिवाय कोणताही आलेख माझ्यापर्यंत येणार नाही. पुढच्या प्रबंधांत जे काही टिकाऊ निघाले, ते या नियमामुळे निघाले असे मी मानतो.

याचा उपयोग काय, हेही तू विचारले आहेस. करोनाच्या काळात घरोघरी जे संच वापरले गेले, त्यांतल्या अनेकांवर उमटणारी लाल रेघ सोन्याच्या अशाच कणांची असते, आणि गर्भधारणेच्या चाचणीतली रेघही पुष्कळदा तीच. दूरदर्शन संचांच्या काही पडद्यांत अर्धवाहकांचे बारीक कण असतात, ज्यांचा रंग नुसत्या आकारमानाने ठरतो. त्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकिमोव, ब्रुस आणि बावेंडी या तिघांना मिळाले. मात्र ‘नॅनो’ हा शब्द हल्ली साबणापासून रंगापर्यंत कशालाही चिकटवतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. सुवर्णभस्माचा विषय निघाला की लोक मला विचारतात, आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते ना? मी सांगतो की भस्म करण्याची त्यांची हातोटी खरी होती आणि तिचा अभ्यास व्हावा, पण प्रकाशाचा हा हिशेब त्यांनी मांडलेला नाही, आणि न केलेल्या कामाचे श्रेय देऊन आपण त्यांचा मान वाढवत नाही.

धाकटीला जाऊ दे. पण काही गोष्टी तिला आधीच ठाऊक असू देत. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातील, शिष्यवृत्ती अनेकदा उशिरा येईल, आणि शेवटी नोकरी मिळेलच असे कोणी सांगू शकणार नाही. तिच्या मैत्रिणी तोवर घरे घेतील, आणि ते पाहून तुझाही जीव कासावीस होईल. तेव्हा तिला टोचून बोलू नकोस. विषयापेक्षा मार्गदर्शक पारखून घ्यायला सांग. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटून, चूक झाल्यावर ते कसे वागतात एवढे विचारावे. तिचे गणित चांगले आहे हे तू लिहिलेस, पण तिला हाताने काम करायला आवडते का? माझ्या आयुष्यातला बराच वेळ आम्लराजाने, म्हणजे सोनेही विरघळवणाऱ्या तेजाबाने, काचेची भांडी धुण्यात गेला आहे, कारण भांड्यावर बोटाचा डाग राहिला तरी लाल द्रवाचा जांभळा होतो. ज्याला त्या धुण्याचा कंटाळा येतो, त्याने या विषयात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चवथ तोंडावर आली आहे. तुमचा गणपती दीड दिवसाचा, तेव्हा विसर्जन झाल्यावर तिला घेऊन दोन दिवस इकडे ये. प्रयोगशाळा सुट्टीत बंद असली तरी किल्ली माझ्याकडे असते. बंद बूट आणि सुती कपडे घालून यायला सांग. भांडी मी आदल्या दिवशी धुऊन ठेवीन, पण सायट्रेट तिनेच टाकायचे आणि रंग बदलताना पाहायचा. बाबांची ती डबी अजून माझ्या कपाटात आहे, मणी आत तसाच आहे. तोही मी काढून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र